समासातलं प्रश्नचिन्ह

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. नाव मुद्दाम घातलेलं नाही. हे पत्र तुझ्या घरात टेबलावर पडून राहणार आणि तुझ्या बायकोच्या हाती लागणार, हे धरूनच लिहितोय. लागू दे.

रविवारी तू आलास आणि चपला काढायच्या आधीच विचारलंस, "काका, 'बरं' म्हणजे काय?" मला वाटलं, शब्दकोड्यात अडला असेल. मग सगळी हकीकत ऐकली. तिनं माहेरच्या आठवणीनं कोथिंबिरीचं सारण भरलेल्या पुडाच्या वड्या केल्या, संध्याकाळभर खपून. तू दोन खाल्ल्यास, तिसरी उचललीस आणि म्हणालास, "बऱ्या झाल्यात." झालं. बुधवारपासून रविवारपर्यंत घरात फक्त दूध, गॅस आणि लाइटबिल एवढ्यावरच बोलणं. तू कुडाळचा. तुमच्याकडे 'बरां' म्हणजे चांगलं, त्याच्यापुढे आणखी काही म्हणायचं उरत नाही. ती अकोल्याची. तिच्या कानाला 'बऱ्या' म्हणजे 'चालतील'.

आणि मी काय केलं? उठलो, दाते-कर्व्यांच्या कोशाचा खंड काढला, चष्मा लावला आणि निकाल दिला. मूळ संस्कृत 'वर', म्हणजे निवडक, उत्तम. त्याचा झाला 'बरा'. आपल्या 'नवरा' शब्दातही तोच वर बसलेला आहे. कोकणानं जुना अर्थ सांभाळला, गोव्यात तर आभार मानतानाही 'देव बरें करूं' म्हणतात. इकडे घाटावर शब्दाचा भाव उतरला. तात्पर्य, तुझा 'बरा' अस्सल आणि तिचा घसरलेला. तू खूश होऊन गेलास. जिना उतरताना शीळ घालत होतास, ती वरपर्यंत ऐकू आली.

तेव्हापासून मला चैन नाही. माझ्या बोलण्यात चूक एका अक्षराची नव्हती, पण तुझ्या हातात मी काठी दिली. तू घरी जाऊन "काका म्हणाले" असं सांगितलंसच असशील. मग आता हेही वाच, आणि पुरतं वाच.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. तू म्हणालास, "आमच्यात शब्दांवरून भांडणं होत नाहीत हो, आम्ही हसतो." बरोबर आहे. तिनं फोनवर "येताना दोन जुड्या सांबार आणा" म्हटलं, तुला 'जुड्या' ऐकू गेलं नाही आणि तू हॉटेलातून पिशवीत गरम सांबार बांधून आणलंस. ती कोथिंबिरीची वाट बघत बसलेली. हसलात. हसणारच. वस्तूच्या नावाचा घोटाळा वस्तू समोर आली की मिटतो. आमच्याकडेही हे झालं. १९७८ साली लग्न होऊन तुझी काकू अंजनगाव सुर्जीहून नारायण पेठेत आली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तिनं माझ्या आईला विचारलं, "दुधाला गंज कोणता घेऊ?" आईचा चेहरा उतरला. "आमच्या भांड्यांना गंज नसतो हो." तिकडे गंज म्हणजे पातेलं, हे कळायला पाच मिनिटं लागली आणि पुढं वर्षभर ती गोष्ट पाहुण्यांना सांगायला पुरली. मग एकदा तिनं कोहळं मागवलं. मी मंडईतून चांगला पांढरा, राखी पडलेला कोहळा खांद्यावर मारून आणला, दृष्टीसाठी दारावर टांगतात तो. तिला हवा होता लाल भोपळा. आलू आणि अळू यांचं तर विचारूच नकोस.

अशा शब्दांनी कुणाचा संसार मोडत नाही. मोडतो तो बारक्या शब्दांनी. बरं. जरा. असू दे. बघू. चूप. हे पिशवीत घालून आणता येत नाहीत, टेबलावर ठेवून 'हे बघ, हे' असं दाखवता येत नाहीत. शिवाय ते दोघांनाही येतात, म्हणून कुणी अर्थ विचारत नाही. तिला वाटतं, समजलं. तुला वाटतं, समजलं. सांबाराचा घोटाळा दारातच उघडा पडतो, 'बऱ्या'चा घोटाळा पाच-पाच दिवस घरात राहतो. माझ्या घरात एक अकरा वर्षं राहिला. तोच सांगायला बसलोय. पण त्याआधी छापखान्याचं सांगितल्याशिवाय तुला त्यातलं काही कळणार नाही.

१९७१ साली मी मुद्रितशोधक म्हणून कामाला लागलो. खिळे जुळवायचा जमाना. ओल्या गॅल्या, म्हणजे जुळवलेल्या मजकुराचे कच्चे छाप, यायचे, शाईचा वास नाकात बसायचा. पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढं एका ग्रामीण कथेचं प्रूफ आलं. वऱ्हाडातली कथा. त्यात म्हातारी म्हणते, "काहून रडतं रे?" मी लाल शाईनं 'काहून' काटलं आणि वर 'का' लिहिलं. 'रडतं'चं 'रडतोस' केलं. आमच्या ज्येष्ठ शोधकांनी ते पाहिलं आणि हातातली फूटपट्टी माझ्या बोटांवर मारली. खरोखर मारली. म्हणाले, "अवतरणचिन्हं दिसत नाहीत? अवतरणातलं बदलायचं नाही. ते लेखकाचंही नाही, तुझंही नाही, ते म्हातारीचं आहे. अडलं तर खाली पेन्सिलीनं रेघ ओढ, समासात प्रश्नचिन्ह घाल आणि कागद परत पाठव. ज्याचं त्यानं सांगावं."

अवतरणातलं बदलायचं नाही. अडलं तर समासात प्रश्नचिन्ह. बस्स. सगळ्या पत्रात मला एवढंच सांगायचं आहे. पुढचं नाही वाचलंस तरी चालेल, पण वाच.

३१ वर्षं मी ते कामावर पाळलं. मालवणी नाटकाची संहिता आली, मी पेन्सिलीशिवाय हात लावला नाही. कोल्हापूरकडच्या कादंबरीत बाई म्हणाली, "मी येतो, वाईच थांबा", तेव्हा नवा कंपोझिटर 'येते' करायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. तिकडच्या बायका स्वतःविषयी 'येतो-जातो' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. आणि घरी?

घरी मी लाल शाई घेऊन जेवायला बसायचो.

१९७९ची दिवाळी. पंगतीला आठ-दहा माणसं. मी आतल्या खोलीत काहीतरी शोधत होतो. तिनं दारातून सहज विचारलं, "काय करून राहिले?" मी बाहेर येत सगळ्यांसमोर म्हणालो, "राहिले नाही. काय करताय. करताय म्हण." माझी वहिनी हसली. ती म्हणाली, "काय करताय." पाठ करून घेतल्यासारखी. मला बरं वाटलं. आमच्याकडचं 'बरं' नव्हे, तुझ्याकडचं.

ते 'करून राहिले' माझ्या दातात अडकायचं, त्याला कारण होतं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले, असे अठरा. मला ते झोपेत विचारलेस तरी सांगेन. 'राहणे' लिहायचं, 'रहाणे' नव्हे. या एका क्रियापदाची मी हजारो वेळा डागडुजी केली असेल. तेच क्रियापद माझ्या घरात रोज भलत्या जागी येऊन बसायचं. मी तिला सांगायचो, ही हिंदी घुसलीय. विदर्भ १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडात, शेजार हिंदीचा, 'कर रहा हूँ'चं हे भाषांतर. ती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "आणि तुमची शाई, तुमचा कागद? तेही फारशीच ना?" मी म्हणालो, ते रुळलेत. ती म्हणाली, "आमचं नाही का रुळलं?" यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. म्हणजे दिलं नसणार.

माझी बाजूही ऐक, कारण तुझी काकू ती कधी मांडणार नाही. त्या काळी पुण्यात दुकानदारसुद्धा नक्कल करायचे. तिला शाळेत नोकरी हवी होती. १९८१ साली मुलाखत झाली, तिथं उच्चार बघत होते. मी रात्र-रात्र बसून तिची तयारी करून घेतली आणि तिला नोकरी लागली. हे खोटं नाही. तिच्या भल्यासाठीच मी ते सगळं केलं. आणि प्रमाण भाषेला मी आजही नावं ठेवणार नाही. कुणीतरी वेलांट्या सांभाळल्याच पाहिजेत, नाहीतर गडचिरोलीचं पोरगं आणि सावंतवाडीचं पोरगं एकच पुस्तक कसं वाचणार? माझं आयुष्य काना-मात्रांत गेलं त्याची मला लाज नाही. पण प्रमाण भाषा कागदासाठी असते. ती ओट्याशी आणि उशाशी कशाला आणायची, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आता ती अकरा वर्षं.

१९८३च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना विषमज्वर झाला. तापात चार रात्री बडबडत होते. चौथ्या रात्री मी बाहेरच्या खोलीत, ती त्यांच्या उशाशी, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत. मला आतून ऐकू आलं, "चूप राहा, बाबा. चूप." माझं डोकं फिरलं. आमच्याकडे 'चूप' मास्तर वर्गाला म्हणतो, नाहीतर माणूस कुत्र्याला. मी आत गेलो आणि आजाऱ्याच्या खोलीत आवाज चढवला. "बाबांना चूप म्हणतेस? हे शिकवलंय तुला?" तिनं पट्टी वाटीत ठेवली, वाटी स्टुलावर ठेवली आणि आत निघून गेली. वडील, जे दहा मिनिटांपूर्वी शांत होत आले होते, ते पहाटेपर्यंत बडबडत राहिले. मी उशाशी बसून त्यांना "बाबा, शांत व्हा" असं शुद्ध मराठीत सांगत होतो.

तिनं खुलासा केला नाही. मी विचारला नाही. आठवड्यानं वडील बरे झाले, विषय माझ्यापुरता मिटला. पुढं मात्र ती त्यांच्याशी बोलताना आधी क्षणभर थांबायची. ओल्या फरशीवर पाऊल टाकताना माणूस थांबतो तशी. मला वाटलं, सुधारली.

१९९४ साली तिच्या भावाकडे गेलो होतो. मूर्तिजापूरला उतरून 'शकुंतला' नावाच्या त्या चिमुकल्या रेल्वेगाडीनं अंजनगाव. रात्री ओसरीवर माझी सासू मेहुण्याच्या तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन थोपटत होती. पोर किरकिरत होती आणि म्हातारी तिच्या कानाशी पुटपुटत होती, "चूप राय माय, चूप. चूप राय माय." इतक्या हळू, इतक्या मऊ. मी खाटेवर पडून ऐकत होतो. शेजारच्या खाटेवर तुझी काकू जागी होती. मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. दोघंही काही बोललो नाही.

समासात एक प्रश्नचिन्ह घालायला किती वेळ लागतो रे? 'चूप म्हणजे काय गं तुमच्याकडे?' पाच शब्द. मी अकरा वर्षं घेतली, आणि तेव्हाही मी विचारलं नाहीच. कानावर पडलं म्हणून कळलं. तोवर वडील गेले होते.

म्हणून तुझ्यावर चिडतोय. तू माझ्याकडे येऊन विचारतोस, 'बरं' म्हणजे काय. अरे, जिनं ऐकलं तिला विचार ना! कोशात शब्दाचा अर्थ मिळतो, तिच्या मनातला कसा मिळेल? आणि तुला अर्थ नको होता, निकाल हवा होता. 'कोण बरोबर?' रविवारी हे तू तीनदा विचारलंस, मी मोजलं. मी निकाल देणारा माणूस आहे, दिला. दोघंही मूर्ख.

आता मित्रांनी तुला दिलेले दोन सल्ले. एक, सॉरी म्हणून टाक. अजिबात म्हणू नकोस. सॉरी म्हटलंस की तूच कबूल केलंस, वड्या चालण्यासारख्याच होत्या आणि तुला तेच म्हणायचं होतं. दुसरा, यापुढं 'एक नंबर' म्हणत जा, झंझट नको. हा तर त्याहून वाईट. आज 'बरां' गेलं, उद्या दुसरं काहीतरी जाईल, आणि पाच वर्षांनी तुझ्या तोंडात तुझ्या आईचा एक शब्द उरणार नाही. दोघांनीही आपापली भाषा दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायची आणि आत टीव्हीवरचं मराठी बोलायचं? ते घर की स्टुडिओ? तू 'बऱ्या' म्हणत राहा. पण त्या शब्दाचं तुमच्याकडचं वजन तिच्या हातावर एकदा ठेव. तुझी आजी उकडीचे मोदक खाऊन काय म्हणायची ते सांग. तुझ्या वडिलांनी आयुष्यात कशाकशाला 'बरां' म्हटलं ते सांग. आणि मग तिला विचार, अकोल्यात आई-बाबा वडीला काय म्हणायचे.

विचारताना मात्र आमच्या पुण्याच्या सुरात विचारू नकोस. इथं "म्हणजे?" असा नुसता प्रश्नसुद्धा थोबाडीत मारल्यासारखा येतो. अनोळखी गावात रस्ता विचारतो तसं विचार. ज्याला माहीत नाही त्याच्या आवाजात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. माणसं गावोगाव गेली, तुमच्याकडे याला काय म्हणतात एवढंच विचारलं, आलेलं उत्तर ध्वनिमुद्रित केलं. कुणाला सुधारलं नाही. ते आंतरजालावर आहे, एका संध्याकाळी दोघं मिळून ऐका. तुझ्या गावाकडचं तिला ऐकव, तिच्याकडचं तू ऐक. सरकारी कामात मला असं सुख क्वचित मिळालंय.

आणखी एक, आणि हे रागावून सांगतोय. गेल्या महिन्यात तुम्ही दोघं आलात तेव्हा तू मला म्हणालास, "काका, हिची नागपुरी ऐका," आणि तिला म्हणालास, "बोलून दाखव ना, ते 'काय बे' वगैरे." तिनं बोलून दाखवलं. हसत दाखवलं. तू बघितलं नाहीस, मी बघितलं. ती अकोल्याची आहे, नागपूरची नाही. आणि तिच्या घरात बाया 'बे' म्हणत असतील असं मला वाटत नाही. अवतरणातलं बदलायचं नाही, तसं ते चौकात मांडून दाखवायचंही नाही. मी दुरुस्त करत होतो, तू नकला करवून घेतोस. माझ्यापेक्षा तू बरा, असं समजू नकोस.

तुम्हाला एक सोय आहे, ती आम्हाला नव्हती. तुमचं स्वयंपाकघर ना कुडाळचं ना अकोल्याचं. तिथं कुणाची सासू उभी नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं ते सगळ्यांना दिसतं. तिचे शब्द कधी बदलले ते कुणी नोंदवत नाही. नवऱ्याचे शब्द जागच्या जागी राहतात, म्हणून त्याला वाटतं, काही झालंच नाही. लोक मला म्हणायचे, "तुमच्या मिसेस विदर्भातल्या वाटतच नाहीत." मी ते माझं कौतुक समजून घरी यायचो.

१९९१ साली घरी फोन आला. तिच्या भावाचा पहिला फोन तिनंच घेतला. मी न्हाणीघरातून बाहेर येत होतो आणि आतून कुणीतरी मोठ्यानं हसताना ऐकलं. "हाव रे! मले काय मालूम! काहून थापा मारून राहिला?" असं धबधब्यासारखं. तेरा वर्षांत मी ती बाई ऐकली नव्हती. टॉवेल खांद्यावर तसाच, मी दारात उभा राहिलो. तिनं मला पाहिलं. आवाज खाली आला, पाठ सरळ झाली. "हो दादा. ठेवते मग," म्हणाली.

गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, बोल ना एकदा तसं. माझ्याशी बोल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कशाला?" ता, शा, सगळं कसं जिथल्या तिथं. नारायण पेठेतही असा उच्चार आता ऐकू येत नाही.

बाकी काय. तुझं नोकरीचं वगैरे पुढच्या पत्री. वड्या उरल्या असतील तर आणून दे. नसतील तर तिला विचारून सारणाचं प्रमाण लिहून आण, आणि लिहिताना ती सांबार म्हणाली तर सांबारच लिही.

पाकीट बंद करण्याआधी हे तुझ्या काकूला वाचायला दिलं होतं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, काही न बोलता परत दिलं. आता बघतो तर वर एके ठिकाणी, 'तिच्या भल्यासाठीच' या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ आहे आणि समोर समासात प्रश्नचिन्ह. ती आत दिवा लावतेय. मी तिला विचारायला जातोय. खूण पुसलेली नाही, तशीच पाठवतो.

तुझा,
काका